दहावं दावं

आमच्या घरात वस्तूची किंमत रुपयांत सांगत नाहीत, म्हशीत सांगतात. रंगीत टीव्ही पाऊण म्हशीचा. माझ्या दहावीच्या क्लासला एक रेडी गेली, त्यामुळं गणितात मार्क कमी पडले की आक्का किती पडले ते विचारतच नाही. "रेडी वाया घालवलीस व्हय," एवढंच म्हणते आणि शेणाची पाटी उचलून निघून जाते. आक्का म्हणजे आबांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षात परत आली. का आली ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून गोठा तिचा. आबा नावाला मालक.

या हिशोबानं माझ्या भावाची, सयाजीदादाची, गाडी नऊ म्हशींची होती. आणि गोठ्यात म्हशी होत्या दहा.

गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं असेल ते आधी पुसून टाका. हिला दारं नाहीत, टप नाही, दिवे नाहीत, हॉर्न नाही, डिकी नाही. उंचीला माझ्या गुडघ्याच्या जरा वर. चारी चाकं उघडी, अंगाच्या बाहेर. मधे एक खड्डा, कडेला दोन लहान आरसे, आणि खड्ड्यात एकच माणूस, तोही आरामखुर्चीत पडल्यासारखा. नंबरप्लेट नाही, कारण हिचं पासिंगच होत नाही. रस्त्यावर आणली तर पोलीस धरतात. ती फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर पळायची आणि तो ट्रॅक कोइमतूरला. म्हणजे नऊ म्हशी देऊन अशी गाडी घ्यायची, जी आमच्या दारातून कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंतसुद्धा जाणार नाही.

दादाला हे वेड लागलं ते दुधामुळं. गावाबाहेर छोट्या गो-कार्ट गाड्यांचा ट्रॅक झाला आणि तिथल्या कँटीनचं दूध आमच्याकडं आलं. दादा दूध घालायला जायचा आणि रिकाम्या किटल्या कुंपणाला टेकवून बघत उभा राहायचा. एक दिवस तिथल्या माणसानं त्याला गंमत म्हणून बसवलं. दुसऱ्या महिन्यापासून त्याला मागं टाकणारं कुणी उरलं नाही. मग तो प्रसेनजीतबरोबर कोइमतूरला गेला. प्रसेनजीत त्याचा वर्गमित्र, उद्यमनगरात इंजिनं बांधायचा. तिथं दुसऱ्याची गाडी चालवून दादा दुसरा आला. गाडीचा मालक म्हणाला, स्वतःची गाडी आण, पुढचा अख्खा सीझन पळ, मग तुला कोण अडवतंय ते बघू. आणि एक जुनी गाडी विकायला आहे हेही त्यानंच सांगितलं.

हे सगळं दोन हजार चारचं. त्या वर्षी मीही जरा सुटलेच होते. नववीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग बाईंनी बळंच वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, आणि माईकवरून माझा आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीला जाऊन आपटला तो मी कानांनी ऐकला. पहिला नंबर. तेव्हापासून मी गप्प बसणं सोडलं. आई म्हणते ढाल कपाटात ठेवलीस, आता तोंडपण ठेव की तिथंच.

तर गाडीवरून घरात बैठक बसली तेव्हा बोलले मीच. आबांचं म्हणणं साधं होतं. जी वस्तू शर्यतीशिवाय कशालाच येत नाही ती घेणारा माणूस एकतर राजा असतो नाहीतर खुळा, आणि आपण राजे नाही. दादा खाली बघत होता. मी म्हणाले, आबा, आपले चुलत आजोबा पैलवान होते. त्यांना रोज किती दूध, किती तूप, किती बदाम? त्यांनी कधी पाटी उचलली का? औताला कुणी जुंपलं का त्यांना? पैलवान कुस्तीशिवाय कशाला येतो? तरी अख्ख्या गल्लीनं तो पोसला, आणि अजून त्यांचा फोटो बैठकीत हाय. आबा हसले. मला कळलं, जिंकलं.

आक्का धारेचे हात पदराला पुसत दारात उभी होती.

"पैलवान घरच्यास्नी वळखतो," ती म्हणाली. "तुझी गाडी कुणाला वळखणार हाय?"

  तरी गाडी घ्यायचं ठरलं.

म्हशी गेल्या त्या काही वारणानगरकडं, काही गडमुडशिंगीला. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपली दोरी आणायची. दावं गेलं की घरची बरकत त्याच्याबरोबर चालत जाते म्हणतात. आक्का एकेकीच्या गळ्यातनं दावं काढायची, कपाळावर हात ठेवायची आणि दावं गोठ्यातल्या खुंटीला अडकवायची. नऊ दावी झाली. दहाव्या म्हशीजवळ ती जाऊन उभीच राहिली आणि म्हणाली, हिला न्यायचं असलं तर दाव्यासकट मलाबी न्या.

ती हरणी.

हरणीचं सांगायचं तर आधी पाडवा सांगायला पाहिजे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्याला मोरपिसं, आणि मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीवर बसून पुढं सुटायचं. मागनं म्हैस पळते. दोरी नाही, काठी नाही. ती आवाजाच्या मागं पळते. शंभर गाड्या फाटफाट करत असल्या तरी आपल्या माणसाच्या मागंच. दादानं हरणीला रेडकू असल्यापासून राजदूतच्या मागं पळवलं होतं. त्याची एक खूण होती. दोनदा बारीक, एकदा लांब, असा तो गाडीला पीळ द्यायचा. ते ऐकलं की हरणी वैरण टाकून निघायची. आणि राजदूत थांबली की खरी गंमत. हरणी मागच्या दोन पायांवर उठायची, पुढचे दोन्ही पाय गाडीच्या मागच्या सीटवर ठेवायची आणि हनुवटी दादाच्या खांद्यावर टेकायची. एवढं मोठं जनावर, पण गाडीचा स्टँड हलायचा नाही. चार पाडवे लागोपाठ फेटा आणि नारळ आमच्या घरी आला.

शर्यतीच्या गाडीचे टायर वेगळे लागतात, आणि ते लवकर झिजतात. त्या टायरांत राजदूत गेली.

गाडी आली तेव्हा अख्खी गल्ली दारात. पिराजीकाकांनी, म्हणजे दर पाडव्याला आमच्या मागं दुसरे येणाऱ्यांनी, गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं की पावणं, ह्यात दुधाच्या किटल्या कुठं अडकवायच्या. कुणी म्हणालं, माझ्या एम-एटीला चार किटल्या, बायको आणि पोरगं बसतंय. कुणाला सासूला दवाखान्यात न्यायची काळजी. एकानं तर आत वाकून बघितलं आणि मागचं सीट चोरीला गेलंय म्हणाला. दादा हसत होता, पण कान लाल झाले होते.

मी ती पळताना एकदाच बघितली. एका सुट्टीच्या दिवशी दादा आणि प्रसेनजीतनं ती ट्रॉलीवर घालून, अजून चालू न झालेल्या एका नव्या रस्त्यावर नेली. मला वळणावर उभं केलं. दुसऱ्या गाड्या वळणावर कलतात, आतली माणसं एका बाजूला जातात. ही कललीच नाही. कंपासनं वहीवर गोल काढावा तशी रस्त्याला चिकटून गेली, आणि तिचा आवाज माझ्या बरगड्यांतून गेला. दादाचं हेल्मेट तेवढं दिसलं. मी ओरडत होते आणि मला माझंच ओरडणं ऐकू येत नव्हतं. ज्याला दुसरं काहीच येत नाही ते आपलं एकच काम असं करतं, हे मी बैठकीत नुसतं बोलले होते. तिथं मी ते बघितलं. परत येताना प्रसेनजीतदादानं विचारलं, काय संयोगिता, वसूल? मी म्हणाले, नऊच्या नऊ.

मग पाडवा आला.

कोइमतूरची पहिली शर्यत दिवाळीनंतर होती. दादाला पाडव्याला घरात बसता आलं असतं. पण राजदूत नाही, गोठ्यात एकच म्हैस, आणि गल्लीत सकाळपासून फाटफाट सुरू. पिराजीकाका दारावरनं जाताना थांबले. "सयाजी," ते म्हणाले, "म्हस न्हाय तर न्हाय. नऊ म्हशींचं लोखंड तरी दाव की."

दादानं ऐकलं. गाडी नुसती ट्रॉलीवरनं मिरवणुकीत न्यायची असं ठरलं. हरणीला आक्का दावं धरून मागनं चालवणार होती. हरणीची शिंगं मी रंगवली, एक भगवं, एक निळं. पाठीवर दादानं कात्रीनं केस कापून तिचं नाव कोरलं. रस्ताभर दुसऱ्यांच्या गाड्या ओरडत होत्या आणि ती एकाही आवाजाला मान वळवत नव्हती. आक्का सगळ्यांना ते दाखवत होती.

चौकात माणसांनी ट्रॉली अडवली. खाली काढा, आवाज ऐकवा. प्रसेनजीतदादा नको म्हणाला, पोलीस आहेत, टायर गार आहेत, रस्ता खराब आहे. दादा म्हणाला, चालवणार न्हाय, जागच्या जागी एकदाच. गाडी खाली उतरवली. दादा खड्ड्यात बसला आणि त्यानं पट्टा लावला. तो पट्टा खांद्यावरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येऊन पोटावर एका बक्कलमध्ये अडकायचा. जागच्या जागी कशाला पट्टा असं मला वाटलं, पण त्याला पट्ट्याशिवाय त्या गाडीत बसताच येत नसे. प्रसेनजीतदादानं बॅटरी लावली. इंजिन पेटलं. पुढची माणसं कानांवर हात ठेवून मागं सरकली.

आणि दादाच्या पायानं, त्याला न विचारता, पीळ दिला. दोनदा बारीक. एकदा लांब.

मी आक्काकडं बघितलं, कारण आक्का ओरडली. ती कधी ओरडत नाही. हरणीनं मान वर केली होती. अख्ख्या पावसाळ्यात ती खूण तिच्या कानांवर आली नव्हती. दावं आक्काच्या तळहातातून सरकत गेलं, कातडं सोलत गेलं, आणि मग तुटलं.

ती पळत आली ते मी बघितलं. माणसं बाजूला झाली. गर्दीतलं कुणी घाबरलं नाही, उलट शिट्ट्या वाजल्या. सगळ्यांना माहीत होतं हरणी काय करणार. ती गाडीशी आली, थांबली, आणि शिकवल्यासारखी मागच्या दोन पायांवर उठली. पाय ठेवायला मागचं सीट शोधलं. मागचं सीट नव्हतं. त्या गाडीत सीट होतं ते एकच, आणि त्यात दादा होता.

तिनं पाय हलकेच ठेवले. हे मी पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आणि इथंही लिहिते. हलकेच ठेवले. पण एक पाय दादाच्या बाजूच्या पातळ पत्र्यातून आत गेला आणि खालच्या नळ्यांत अडकला. तो सोडवायला तिनं हिसका दिला, तोल गेला, आणि ती अख्खी त्याच्यावर बसली. इंजिन चालूच होतं. ते कुणी बंद केलं मला आठवत नाही.

दादाला मिरजेला हलवलं. तो जगला. कमरेखाली मात्र त्याचं त्याला काही कळत नाही. टाचणी टोचली तर तो डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघून उत्तर द्यायचा.

हरणीचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. एवढ्या वजनाचं जनावर तीन पायांवर उभं राहत नाही, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन देताना आक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, एक शिंग भगवं, एक निळं. तुटलेलं दावं आक्कानं तिला पुरताना तिच्याबरोबरच खड्ड्यात टाकलं. विकलेल्या जनावराचं दावं ठेवतात, मेलेल्याचं नाही.

आणि गाडी? गाडीला बाजूचा पत्रा नवा लागला, दोन नळ्या. प्रसेनजीतदादानं आठवड्यात उभी केली. मग तो गोठ्यात तिच्याशेजारी बसून रडला. मला वाटतं, तिला एवढंच झालं होतं म्हणून.

त्यानंतर आमच्याकडं कुणी आलं आणि "दहावीचं काय म्हणतंय?" असं विचारलं की आधी सगळ्यांची नजर गोठ्याकडं जायची. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं की ते माझ्या परीक्षेबद्दल विचारतायत. आबा म्हणायचे, चाललाय अभ्यास.

अभ्यास चालला नव्हता. मी एकाच मुद्द्यावर अडकले होते. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तसल्या गाड्या म्हणजे श्रीमंतांचे चाळे, पैशाची माती. मी भांडायचे. अजूनही भांडते. ती गाडी नऊ म्हशींना महाग नव्हती. त्या वळणावर मी उभी होते, मला माहीत आहे. कुणी बैठक पुन्हा बसवली तर पैलवानाचं मी पुन्हा बोलेन. पण दहावी म्हैस, आणि दादाचे पाय, हे भावात कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि ज्यानं बघितलेलं नाही त्याला वळण समजावता येत नाही, ज्यानं बघितलंय त्याला पुढचं समजावता येत नाही. अशी दोन्हीकडनं हरलेली बाजू मी कधी मांडली नव्हती.

फेब्रुवारीत पुण्याहून एक जण गाडी घ्यायला आला. वयानं दादाएवढाच. त्यानं पाच म्हशींचा भाव सांगितला. म्हणजे त्यानं रुपयेच सांगितले, म्हशी आबांनी मनात केल्या. दादा खाटेवरनं म्हणाला, देऊन टाका. त्या मुलानं गाडी कशी पळते विचारलं. दादानं त्याला वळणांबद्दल सांगितलं, कुठं पाय काढायचा, कुठं मुळीच काढायचा नाही. बराच वेळ सांगत होता. तो मुलगा ऐकताना एकदाही दादाच्या पायांकडं बघत नव्हता, आणि तेच सगळ्यांना दिसत होतं.

ट्रॉलीवर गाडी चढली तेव्हा आक्का पुढं झाली.

"दावं काढून द्या," ती म्हणाली.

त्याला कळेना. मी समजावलं की आमच्यात विकलेल्याचं दावं देत नाहीत. तो म्हणाला, पण हिला कुठं दावं आहे? आक्कानं गाडीच्या खड्ड्यात हात घातला आणि पट्टा वर ओढून दाखवला. तो मुलगा म्हणाला, हा महाग असतो, शर्यतीत हा नसला तर ट्रॅकवर सोडत नाहीत. आबा म्हणाले, भावातनं कापून घ्या. प्रसेनजीतदादानं पाना आणला आणि एकेक बोल्ट सोडला.

गाडी गेली. दादानं पट्टा मागून घेतला आणि पोटावर ठेवून बक्कल लावत, सोडत बसला. गाडी आली तेव्हा तो सगळ्यांना हेच दाखवायचा. मनगट फिरवलं की पाचही टोकं एकदम सुटतात. आग लागली तर बाहेर पडायला क्षण पुरतो.

मी आता सगळं विचारते. मी विचारलं, "मग सोडला का न्हाईस? ती लांबनं येत होती."

आई म्हणाली गप. दादानं बक्कल लावलं.

"आरशात दिसली," तो म्हणाला. "राजदूतला आरसं न्हवतं, संयू. चार पाडवं ती माझ्या मागनं पळाली, पण मी पुढं असायचो. मी तिला पळताना कधी बघितलंच न्हवतं. त्या दिवशी बघितलं." त्यानं सोडलं. "बघत बसलो."

 आक्कानं त्याच्या हातातून पट्टा घेतला, गोठ्यात गेली, आणि नऊ दाव्यांशेजारच्या रिकाम्या खुंटीला तो अडकवला. मग परत आली. तिच्या तळहातावरची खूण तेव्हा अजून लाल होती. धार काढायला बसते तशी ती खाटेजवळ उकिडवी बसली.

"मी मागनं बघितली," ती म्हणाली. "पुढनं कशी दिसत हुती ते सांग."

दादानं डोळे मिटले आणि सांगायला लागला.